तापीकाठचे पाहुणे

खानदेशाला समुद्र नाही. जळगाव-धुळ्याच्या माणसाला किनारा बघायचा असेल तर त्याला सुरत गाठावी लागते किंवा मुंबई. पण आमच्याकडे तापी आहे. बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला तिचा उगम. तिथून निघून बुऱ्हाणपूरला फारुकी सुलतानांच्या शाही किल्ल्याखालून वाहत ती जळगाव जिल्ह्यात येते आणि ७२४ किलोमीटरचा प्रवास संपवून सुरतेजवळ खंभातच्या आखाताला मिळते. याच सुरतेहून मोगल काळात हजची गलबते निघत. त्या बंदराला लोक ‘बाब-उल-मक्का’, म्हणजे मक्केचा दरवाजा म्हणत. तेव्हापासून तापीचे खोरे प्रवाशांच्या ओळखीचे आहे. आम्ही मात्र या वेळी गेलो ते वेगळ्या प्रवाशांना भेटायला.

भुसावळ तालुक्यात तापीवर हतनूरचे धरण आहे. १९८२ मध्ये ते पूर्ण झाले. पावसाळ्यात ते रोज बातम्यांत असते. ४१ पैकी आज किती दरवाजे उघडले, नदीकाठच्या गावांना काय इशारा दिला, वगैरे. पावसाळा संपला की लोक त्याला विसरतात. धरणाचे पाणी शेतीला, आसपासच्या गावांना, दीपनगरच्या वीज केंद्राला आणि वरणगावच्या आयुध निर्माणीला जाते. बांधणाऱ्यांच्या मनात पक्षी कुठेच नव्हते. पण पाणी साठले आणि पाण्यामागून पक्षी आले. आज हा जलाशय देशातल्या महत्त्वाच्या पक्षी क्षेत्रांत गणला जातो. अशा क्षेत्रांची देशभरची माहिती एकत्र करणारा मोठा ग्रंथ २००४ मध्ये निघाला. तो तयार करणारे अभ्यासक डॉ. असद रहमानी आणि झफर-उल-इस्लाम, दोघेही बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे. आमच्या मुलांना हे सांगितले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “म्हणजे पक्षी बघणे हेसुद्धा काम असते?”

असते. आणि त्याला एक आठवडाही आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, तर १२ नोव्हेंबर डॉ. सलीम अली यांचा. याच आठवड्यातला रविवार धरून आम्ही हतनूरला निघालो. आम्ही म्हणजे दोन भावांची कुटुंबे, पाच मुले आणि मामू. मामू पंचाहत्तरीला आलेत. भुसावळच्या रेल्वेत नोकरी करून निवृत्त झाले. तापीचा तो सगळा पट्टा त्यांच्या पायाखालचा आहे.

फजरनंतर

जळगावात फजरची नमाज पढून आम्ही गाडीत बसलो. डब्यात पराठे आणि शामी कबाब, थर्मासमध्ये चहा, मुलांच्या गळ्यात मागून आणलेल्या दोन दुर्बिणी. भुसावळ ओलांडून वरणगावच्या बाजूने जलाशयाच्या काठाला पोहोचलो तेव्हा नुकते उजाडत होते. हवेत गारवा होता आणि पाण्यावर धुक्याचा पातळ पडदा. आधी काहीच दिसले नाही. फक्त आवाज येत होते. कुठे शिट्टी, कुठे कुजबुज, कुठे पाण्यावर पंख आपटल्याचा फडफडाट. धाकटी घाबरून म्हणाली, “एवढे सगळे कोण बोलतंय?”

ऊन वर आले तसे एकेक दिसू लागले. पायाजवळच्या चिखलात शेपटी खालीवर करत धावणारा धोबी. पाण्याच्या काठाने तुरूतुरू चालणाऱ्या तुतारी. लालभडक काटकुळ्या पायांचा शेकाट्या. त्यापलीकडे उथळ पाण्यात बदकांचे थवे आणि काळेकुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा असलेले वारकरी. वर, विजेच्या तारांवर ओळीने बसलेल्या माळभिंगऱ्या.

मामूंनी तारांकडे बोट दाखवले. “अबाबील.”

सूरह अल-फील सगळ्या मुलांना पाठ. त्यामुळे एकदम गोंधळ उडाला. अबरहाच्या हत्तींवर दगड टाकणाऱ्या अबाबील याच का? आमच्या मोठ्या भावाने समजावले, की अरबीत ‘अबाबील’ म्हणजे झुंडीच्या झुंडी, ते एका जातीच्या पक्ष्याचे नाव नाही. उर्दूत मात्र या चिमुकल्या पाखराला ते नाव पडले आणि रूढ झाले. मुले थोडी हिरमुसली. पण ही माळभिंगरी हिमालयात आणि त्याच्याही उत्तरेला घरटे करते आणि थंडी सुरू झाली की उडत उडत आमच्या तारांवर येऊन बसते, हे कळल्यावर त्यांनी पुन्हा दुर्बिणी डोळ्यांना लावल्या.

एका पक्ष्याची दोन नावे

त्या सकाळी एक गंमत सुरू झाली. मुलांकडे मराठी पक्षीपुस्तक होते. ती त्यातले नाव वाचायची आणि मामू त्याच पक्ष्याचे दुसरे नाव सांगायचे.

चपट्या, फावड्यासारख्या चोचीचे बदक पुस्तकात ‘थापट्या’ होते. मामू म्हणाले, “तिदारी.” शेपटीत लांब सुई असलेले ‘तलवार बदक’ मामूंचे ‘सींखपर’ निघाले. “कबाबाची सीख असते ती?” एकाने विचारले. “तीच. शेपटीत सीख खोवल्यासारखी दिसते की नाही?” लालसरी दोन्हीकडे जवळजवळ एकच निघाली, मामूंची ‘लालसर’. पुस्तकातला क्रौंच हा ‘कुलंग’. आणि काठाच्या गवतात ऐटीत उभी असलेली नारिंगी रंगाची जोडी, पुस्तकातला ‘चक्रवाक’, तो तर आपला ‘सुरखाब’ निघाला.

मुलांच्या आईला हसू आवरेना. घरात कोणी जास्त तोरा मिरवला की “तुला काय सुरखाबचे पर लागलेत?” असे आपण सहज म्हणतो. ज्या पक्ष्याच्या पिसांवरून हे बोलणे आले, तो घरातल्या कोणीच आजवर पाहिला नव्हता. मराठी जुन्या कथांत चक्रवाकाची जोडी रात्री नदीच्या दोन काठांवर ताटातूट होऊन एकमेकांना साद घालते. उर्दूत हाच पक्षी दिमाखाची खूण झाला. पक्षी एकच. तो तिबेट-लडाखकडच्या थंड सरोवरांकाठी घरटे करतो आणि ऑक्टोबरपासून आपल्या नद्यांवर उतरतो.

मामूंना ही सगळी नावे कुठून येत होती, हे मोठ्या मुलाने विचारले. मामूंनी लपवले नाही. त्यांचे वडील शिकारी होते. हतनूरचे धरण नव्हते तेव्हा तापीच्या डोहांवर आणि पूर्णेच्या संगमावर ते थंडीत पहाटे बंदूक घेऊन जात आणि लहानपणी मामू त्यांच्याबरोबर मारलेली मुर्गाबी उचलायला जात. तिदारीचे मांस कसे, सींखपर कशी शिजवायची, कोणते बदक चिखलाचा वास मारते, हे सगळे त्या नावांबरोबरच शिकले.

“मग बंद कधी केले?”

“१९७२ मध्ये कायदा आला. पुढे १९९१ मध्ये तो बदलला आणि शिकारीचे परवानेच संपले. बंदूक कायद्याने गेली बेटा, जिभेची चव जायला वेळ लागला. ती हजला गेल्यावर गेली.” मामू थांबले. “एहराम बांधला की शिकार हराम. हरममध्ये तर पाखराला नुसते हुसकायचेही नाही. तिथली कबुतरे माणसाच्या पायात येतात, उडत नाहीत. त्यांना भीती माहीतच नाही. तिथे उभे असताना मला तापीवरची मुर्गाबी आठवली. आम्ही शंभर पावलांवर असलो तरी ती उडायची.”

हे येतात कुठून?

चहा घेताना मुलांनी नकाशा उघडला. पक्ष्यांचे जे मोठे हवाई रस्ते जगात मानले जातात, त्यातला एक आपल्या डोक्यावरून जातो. त्याला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. सायबेरियाच्या बर्फाळ किनाऱ्यापासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेला हा मार्ग सुमारे तीस देशांवरून जातो. उत्तरेत हिवाळा आला की तळी गोठतात, किडे आणि पाणवनस्पती बर्फाखाली जातात. पक्षी थंडीपेक्षा उपासमारीला घाबरून निघतो. चिखलात चोच खुपसणारे छोटे पाणपक्षी ऑगस्टच्या शेवटापासूनच येऊ लागतात. बदके ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात. उन्हाळा तापायच्या आत सगळे परत निघतात.

वाटेत हिमालय आहे. महाराष्ट्राच्या मोठ्या जलाशयांवर हिवाळ्यात दिसणारा पट्टकादंब हा हंस मंगोलिया आणि तिबेटकडून येतो. त्याच्या अंगावर यंत्र बसवून अभ्यास झाला, तेव्हा तो ७,००० मीटरहून अधिक उंचीवर उडत असल्याची नोंद मिळाली. तिथल्या विरळ हवेत आपल्याला दोन पावले टाकताना धाप लागेल.

हे सगळे माणसाला कळले ते एका साध्या युक्तीने. पक्षी पकडायचा, त्याच्या पायात पत्ता कोरलेले हलके कडे घालायचे आणि सोडून द्यायचा. कुठे तरी कोणाला तो सापडला की त्याने कळवायचे. आपल्या देशात याची सुरुवात १९२० च्या दशकात आपल्या शेजारच्या धार संस्थानात झाली. कडी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीची होती. पुढे १९६० च्या दशकात सलीम अलींनी भरतपूरला हे काम फार मोठ्या प्रमाणावर केले. भारतात कडे घातलेली बदके रशिया आणि मध्य आशियात सापडली, आणि आपल्या तळ्यांचा सायबेरियाशी काय संबंध आहे, तो सिद्ध झाला.

आमच्यातल्या एकाने विचारले, या पक्ष्याला वाट कोण दाखवते? विज्ञान सांगते की पक्षी सूर्य आणि तारे वाचतो, पृथ्वीचे चुंबकत्व ओळखतो, नद्या आणि डोंगर लक्षात ठेवतो. कित्येक जातींची पिल्ले तर आईबापांविना, पहिल्याच वर्षी, कधीही न पाहिलेल्या देशात बरोबर पोहोचतात. कुरआनात सूरह अल-मुल्क आणि सूरह अन-नहलमध्ये आकाशात पंख पसरलेल्या पक्ष्यांकडे बघा, त्यांना कोणी धरून ठेवले आहे याचा विचार करा, अशा अर्थाचे आवाहन आहे. ते वाचताना आपण मान खाली घालून पुढे जातो. हतनूरच्या काठावर मान वर करावी लागली.

गाळ

काठावर जाळी दुरुस्त करत एक वयस्कर मच्छीमार बसले होते. मामूंनी “रामराम आप्पा” म्हटले आणि दोघांची ओळख निघायला पाच मिनिटे लागली नाहीत. या भागात सगळ्यांचे कोणी ना कोणी रेल्वेत असते. आप्पांनी आम्हाला जलाशयाची रीत समजावली.

पूर्णा वऱ्हाडाची काळी माती घेऊन येते. ती माती धरणात बसते. त्यामुळे पाणी साठवायची जागा कमी होते, आणि म्हणून अधिकारी, शेतकरी सगळे गाळाच्या नावाने ओरडतात. ते खरेही आहे. पण थंडी संपत येते तसे पाणी उतरते आणि तोच गाळ उघडा पडतो. त्यात किडे, अळ्या, गोगलगायी, गवताचे बी. पाणपक्ष्यांसाठी तो मांडलेला दस्तरखानच. उथळ पाण्यात नुसते डोके बुडवून, शेपटी वर करून खाणारी बदके काठाजवळ राहतात. बुडी मारणारी खोल पाण्यात. लांब चोचीचे पक्षी खोलवरचा किडा काढतात, आखूड चोचीचे वरचा. एकाच ताटाभोवती इतके जण, आणि प्रत्येकाचा घास वेगळा.

त्या उघड्या गाळावर माणूसही येतो. ओलीवर कलिंगड, काकडी, भाजी पिकवतो. त्याच्यावर औषध फवारतो. मच्छीमाराची जाळी त्याच पाण्यात पसरलेली. आप्पा म्हणाले, “पाणी एक आणि खाणारे पन्नास. पक्षी अडकला की माझं जाळं फाटतं, आणि जाळं महिन्याभराची कमाई खातं. पण पक्षी नसेल तिथे मासाही नसतो, हेही मला ठाऊक आहे.” पक्ष्यांची विष्ठा पाण्यात खत होऊन पडते, त्यावर शेवाळ आणि बारीक जीव वाढतात, त्यावर मासे. कोणत्याही पुस्तकाशिवाय आप्पांना हे माहीत होते.

पिशवीतले चक्रांग

साडेदहाच्या सुमारास वीसेक वर्षांचा एक मुलगा मोटारसायकलवरून आला. त्याने मामूंची दाढी-टोपी बघितली, आजूबाजूला नजर टाकली आणि हळू आवाजात म्हणाला, “चाचा, मुर्गाबी पाहिजे का? जिवंत आहे. घरी नेऊन हलाल करा.”

हँडलला लटकवलेल्या पिशवीत दोन छोटी बदके होती. पाय सुतळीने बांधलेले. चक्रांगांची जोडी. नराच्या तांबूस डोक्यावर हिरवा पट्टा असतो, तो पिशवीच्या तोंडातून दिसत होता. चक्रांगाचे वजन जेमतेम तीनशे ग्रॅम. एका माणसाचे पोट भरायचे नाही इतके मांस, आणि ते सायबेरियाहून स्वतःच्या पंखांवर इथवर आलेले.

“किती?”

“जोडीचे पाचशे द्या.”

मुले रडायच्या बेताला आली. धाकटीने तिच्या ईदीचे पैसे देऊ केले. “आपण विकत घेऊ आणि सोडून देऊ ना!” आम्हालाही क्षणभर तेच वाटले. आमच्यापैकी एकाचा हात खिशात गेलाही होता. मामूंनी तो धरला.

“आज पाचशे दिले तर हा उद्या दहा धरून आणेल. सोडण्यासाठी घेतले काय आणि खाण्यासाठी घेतले काय, याच्या दृष्टीने गिऱ्हाईकच.” मग ते मुलाकडे वळले. आवाज चढवला नाही. “बेटा, पकडणे गुन्हा आहे तसे घेणेही गुन्हा आहे. पण ते राहू दे. मला एक सांग, तू माझ्याकडेच का आलास? इथे इतके लोक आहेत.”

मुलगा गप्प झाला. मग खरे बोलला. “तुमच्यातले लोक घेतात, चाचा. थंडीत मागतात.”

हे ऐकून आम्हाला जे वाटले ते लिहायला सोपे नाही. ‘तुमच्यातले’ या शब्दाचा राग येऊ शकला असता. हे पक्षी खाणारे सगळ्या समाजांत आहेत, हेही आम्हाला माहीत आहे. पण तीतर, बटेर, मुर्गाबीचे कौतुक आमच्या घरांतल्या दावतींत होते, हेही खोटे नाही. थंडीत कोणी तरी “खास चीज” आणतो आणि ताटावर बसलेले विचारत नाहीत की ती कुठून आली.

आप्पा उठून आले होते. त्यांनी त्या मुलाला त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारली आणि चार शब्द सुनावले. शेवटी मुलाने सुतळी कापली. नर पाण्यावरून सरपटत धावला आणि उडाला. मादीचा एक पंख खाली लोंबत होता. तिला आम्ही डब्याच्या खोक्यात, ओढणीच्या मऊ घडीवर अंधारात ठेवले आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला. दीड तासाने एक वनरक्षक आले. पंख चाचपून म्हणाले, हाड मोडलेले नाही, स्नायू ताणला आहे, काही दिवस ठेवून सोडू. मुले खोक्याला चिकटून उभी होती. त्यांनी तिला बाय-बाय केले, आणि मग कोणी जेवायचे नाव काढेना.

एका चिमणीची गोष्ट

जोहरची नमाज काठावरच्या झाडाखाली झाली. जेवणानंतर मामूंनी मुलांना सलीम अलींची गोष्ट सांगितली. आज ती फार वेगळी वाटली.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतल्या सुलेमानी बोहरा कुटुंबातला. आईवडील अगदी लहानपणीच गेले आणि मामू अमीरुद्दीन तय्यबजी यांनी वाढवले. मामू शिकारीचे शौकीन, भाच्याच्या हातात छऱ्याची बंदूक. दहा-बारा वर्षांच्या त्या मुलाने एक दिवस एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग ती खाणे मुसलमानाला चालेल का, असा प्रश्न त्याला पडला. तो मामूंकडे गेला. मामूंना उत्तर देता आले नाही. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवले. तिथले मानद सचिव मिलार्ड यांनी मुलाला हाकलले नाही. त्याला पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली. हलाल-हरामचा एक प्रामाणिक प्रश्न, तो धुडकावून न लावणारे मामू आणि वेळ देणारा एक परका माणूस, एवढ्यावरून देशाला पक्ष्यांचा सर्वांत मोठा अभ्यासक मिळाला. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले आणि आजही पक्षी बघणारे ते वापरतात. १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

मोठ्या मुलाने विचारले, “बदक तर हलालच आहे ना? मग न खाण्याचे कारण काय?”

प्रश्न सलीम अलींच्याच जातीचा होता, म्हणून आम्हीही तो टाळला नाही. हलाल आहे. पण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पक्ष्यांबाबत काय शिकवले तेही बघावे. एका प्रवासात सोबत्यांनी एका पक्षिणीची दोन पिल्ले उचलली. ती वर फडफडत राहिली. प्रेषितांनी (स.) विचारले की हिला कोणी दुखावले, आणि पिल्ले परत ठेवायला लावली. ही हदीस अबू दाऊदमध्ये आहे. विनाकारण मारलेल्या चिमणीबद्दलही अल्लाह जाब विचारील, असा आशय नसाईच्या हदीसमध्ये आहे. ज्याच्या घरात कोंबडी आहे, डाळ आहे, त्याने तीनशे ग्रॅमच्या प्रवाशाला मिजासीसाठी मारणे, त्याला कारण कसे म्हणायचे? शिवाय देशाचा कायदा आहे आणि कायदा पाळणे हा आपल्या दीनचाच भाग आहे.

आणि हे बदलू शकते का? नागालँडमध्ये बदलले. तिथे दोयांग जलाशयावर दर ऑक्टोबर-नोव्हेंबरात अमूर ससाणे लाखोंनी उतरतात. २०१२ मध्ये एका हंगामात लाखाहून अधिक ससाणे जाळ्यात धरून मारले गेल्याचा अंदाज होता. जगभर ओरड झाली. गावपंचायती आणि चर्च पुढे आले, लोकांना समजावले, आणि २०१३ मध्ये तिथली जाळी उतरली. ज्या गावांनी मारले त्याच गावांनी राखणे सुरू केले. ते ससाणे पुढे महाराष्ट्रावरून जातात आणि अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेला पोहोचतात. तिथे चर्चमधून जे सांगितले गेले, ते आपल्याकडे जुम्याच्या खुत्ब्यात पाच मिनिटे सांगायला काय हरकत आहे?

परत निघताना

असरनंतर ऊन उतरले. नदीसुरय पाण्यावरून खालीवर करत मासे टिपत होते. गवतावरून दलदलीतला एक शिकारी पक्षी संथ तरंगत गेला आणि वारकऱ्यांचा सगळा थवा एकदम पाण्यात शिरला. मग फार उंचावरून तुतारीसारखा आवाज आला. मोठ्या पक्ष्यांची एक तिरकी रांग संगमाकडे चालली होती. मामूंनी कपाळावर हात धरून बघितले आणि एवढेच म्हणाले, “कुलंग.” साठ वर्षांपूर्वी असा आवाज आला की त्यांचे वडील बंदूक भरत. आज मामूंनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला.

ज्या घरांना जायचे असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. ऊन चढायच्या आत पोहोचावे. कपडे मळखाऊ रंगाचे घालावेत, गाडीचा हॉर्न आणि गाणी बंद ठेवावीत, थव्यामागे धावू नये, फोटोसाठी पक्षी उडवू नये. उडालेल्या प्रत्येक वेळी तो परतीच्या प्रवासासाठी साठवलेली ताकद खर्च करतो. प्लास्टिक काठावर सोडू नये. वरणगावची चातक निसर्ग संवर्धन संस्था हतनूरच्या पक्ष्यांवर काम करते. तिच्या लोकांकडून शिकता येते. दूर जायला जमत नसेल तर जळगावकरांना मेहरुणचा तलाव आहे, धुळेकरांना नकाणेचा. जखमी पक्षी दिसला तर १९२६. आणि थंडीत कोणी दारावर किंवा दावतीत मुर्गाबी आणली तर नम्रपणे नको म्हणावे. गिऱ्हाईक नसेल तर जाळे कोणी लावणार नाही.

गाडीत मुले वहीत यादी करत होती. एका रकान्यात मराठी नाव, दुसऱ्यात मामूंचे नाव. एकूण सदतीस पक्षी झाले. सात ठिकाणी दुसरा रकाना रिकामा होता, कारण तुतारी, धोबी असल्या लहान पक्ष्यांची नावे मामूंनाही माहीत नव्हती. “ते खायच्या कामाचे नव्हते ना, म्हणून आम्ही त्यांच्याकडे कधी बघितलेच नाही,” मामू म्हणाले. भुसावळ येईपर्यंत ती सातही नावे मुलांनी त्यांना मराठीतून पाठ करून घ्यायला लावली.